गार्डाच्या हाती दिलेल्या चिठ्ठ्या

ती घटना मी विसरलो असेन असं घरच्यांना वाटतं, आणि मीही त्यांना तसं वाटू दिलं आहे. पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, आणि त्यातलं बरंच काही नातवंडांना तिखटमीठ लावून सांगितलं. ही एक गोष्ट मात्र पुरती कोणाला सांगितली नाही. हिच्यात गुन्हेगार कोणी नाही आणि शहाणाही कोणी नाही. मी तर नाहीच नाही. नावं कोणाचीच देत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून आहेत.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. मी सब-इन्स्पेक्टर होऊन सहा वर्षं झाली होती. आमचा थाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. बाहेर दिवसभर ट्रकांची ये-जा आणि टेबलावरच्या कागदांवर लाल धुळीचा थर. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आलेली, त्यामुळे साध्या भांडणाचा जबाब घ्यायलाही कधी कधी दोन दुभाषे बसवावे लागत. लोखंडचोरी, दारू पिऊन मारामारी आणि हरवलेली माणसं, हे आमचं रोजचं काम.

थान्यात लिहिण्याचं काम बघणारे एक जुने हवालदार होते. त्यांना सगळे मुंशी म्हणत. अक्षर सुरेख, आणि प्रत्येक प्रसंगासाठी एक वाक्य तयार. हरवलेला माणूस सापडला की ते रोजनामच्यात लिहीत, ‘स्वखुशीने घरी परतला.’ मग त्याला दंडाला धरून आणलेलं असलं तरी.

चैत्रातल्या एका सकाळी एक गृहस्थ थान्यात आले. मराठी माणूस, नागपूरकडचा. पूर्वी रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते, आता कारखान्याच्या स्वतःच्या रेल्वेत कामाला लागले होते. पंधरा वर्षांचा मुलगा तीन दिवसांपासून बेपत्ता होता. शाळेत म्हणून गेला तो आलाच नाही.

“कोणावर संशय?” मी विचारलं.

“माह्या वहिनीवर. डोंगरगडले राहते. तिनंच लपवलं असंन.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हा त्यांचा दुसरा मुलगा. मोठ्या भावाला मूलबाळ नव्हतं, म्हणून बाराव्या दिवशी बाळाला वहिनीच्या ओटीत घातलं होतं. आमच्या लोकांत हे सर्रास चालायचं. कागद नाही, दत्तकपत्र नाही, चार नातेवाइकांसमोर ओटीत मूल घातलं की झालं. मुलगा डोंगरगडच्या रेल्वे कॉलनीत वाढला. वहिनीला ‘माय’ म्हणायचा आणि जन्मदात्या आईला ‘काकू’. पुढे मोठा भाऊ वारला. त्याच्या पाठोपाठ यांचा थोरला मुलगा विषमज्वराने गेला. घरात दोन लहान मुली राहिल्या. कारखान्यात नोकरी लागली, पक्कं क्वार्टर मिळालं, जवळ चांगली शाळा झाली, आणि दिवाळीनंतर त्यांनी डोंगरगडला जाऊन आपला मुलगा परत आणला.

“वहिनी काही बोलल्या नाहीत?”

“काय बोलणार? तुमचाच हाये, म्हणली.”

मी तक्रार लिहून घेतली. मला त्यात गुंतागुंतीचं काही वाटलं नाही. मूल अल्पवयीन, बाप कायद्याने पालक, मूल दुसरीकडे. ते आणून बापाच्या ताब्यात द्यायचं.

दुपारी भिलाईच्याच पावर हाउस स्टेशनवरच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका पॉइंट्समनने खबर दिली. मुलगा गाडीत बसलाच नव्हता. दप्तर पाठीवर टाकून रुळांच्या कडेने दुर्गच्या दिशेने पायी निघाला होता. पायी का, तर याआधी दोनदा तो डोंगरगडच्या गाडीत चढला होता आणि दोन्ही वेळा गाडीवरच्याच माणसांनी त्याला उतरवून घरी पोचवलं होतं. या लाइनीवरचा प्रत्येक गार्ड, प्रत्येक तिकीट तपासनीस त्याच्या वडिलांना ओळखत होता. आपल्या माणसाचं पोर पळून चाललंय, त्याला परत न्यावं, इतकाच त्यांचा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी एक शिपाई घेऊन मी डोंगरगडला गेलो. मुलाची माय एका खोलीत भाड्याने राहत होती आणि कॉलनीतल्या घरांमधून पोळ्या लाटून पोट भरत होती. चाळिशीची, काटक बाई. दारातच म्हणाली, “तो इथं नाही आला, सायेब.”

माणूस खोटं बोलत असला की मी तोंडाकडे बघत नाही, घराकडे बघतो. चुलीपाशी वाटीत कोमट तेल होतं, त्यात हळद. शेजारी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून ठेवलेल्या. बाईच्या पायाला काहीच झालेलं नव्हतं. सत्तर किलोमीटर खडीवरून चालून आलेल्या पायांसाठी ती तयारी होती.

मी आवाज चढवला. मूल पळवल्याचा गुन्हा काय असतो, किती वर्षांची सजा होते, ते सांगितलं. बाई भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मुलगा लंगडत बाहेर आला. ओठावर नुकती मिसरूड फुटू लागलेली, डोळे आत गेलेले.

“मायले काही बोलू नका, साहेब. मी आपल्या मनानं आलो.”

“मग आता आपल्या मनाने परत चल,” मी म्हणालो.

“मी इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या. हिले एक नाही भेटली.”

बाईही म्हणाली, “दिवाळीपासून एक कागद नाही आला मले. मले वाटलं, रमला तिकडं.”

इथे मी थांबायला हवं होतं. मुलाने पत्रं लिहिली आणि मायला मिळाली नाहीत, तर ती गेली कुठे, हे विचारायला पोलिसाचीसुद्धा अक्कल लागत नाही. पण मी घड्याळ बघत होतो. परतीची गाडी चुकली असती.

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “मले तिकडे नेलं तं मी जीव देईन, साहेब.”

तो ओरडला नाही, रडलाही नाही. जेवण झालं का असं विचारल्यावर उत्तर द्यावं तसं बोलला. मी शिपायाकडे बघून हसलो. त्या काळी आम्हा सगळ्यांची समजूत होती, वरिष्ठांनीही तेच शिकवलेलं, की जो बोलून दाखवतो तो करत नाही. ही समजूत किती खोटी आहे ते मी पुढे नऊ दिवसांत शिकलो.

बाई मात्र हसली नाही. “सायेब, हा लबाड बोलणारा पोरगा नाही. चार दिवस राहू द्या याले. पाय बरे झाले की मीच घेऊन येते, याच्या बापाच्या घरी राहते दोन दिवस, समजावते.”

किती साधं मागणं होतं. आज कोणी माझ्यासमोर असं मागितलं तर मी स्वतः त्यांचं तिकीट काढून देईन. तेव्हा म्हणालो, “बाई, तुम्ही आत्ताच सांगा त्याला जायला. नाहीतर तुम्हालाही गाडीत बसवतो.”

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “जाय. बापाच्या घरी राह्य. माह्याकडं येऊ नको आता.”

मुलगा एकदम शांत झाला. दप्तर उचललं, पायांना पट्ट्या गुंडाळल्या, माझ्यामागे निघाला. वाटेत शिपायाने दिलेली केळी खाल्ली. मला हायसं वाटलं. पोरगं समजुतीवर आलं असं मी धरून चाललो. ती समजूत नव्हती, त्याने आशा सोडली होती. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता.

थान्यात सुपूर्दनामा लिहिला. ताब्यात आलेली वस्तू मालकाला परत देताना करतात तोच कागद, फक्त ‘सायकल’ किंवा ‘बैल’ या शब्दाच्या जागी मुलाचं नाव. वडिलांनी सही केली, माझे हात धरले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मुंशींनी रोजनामच्यात लिहिलं, ‘स्वखुशीने घरी परतला.’ मुलगा डोंगरगडला काय बोलला, ते मी वडिलांना सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

नवव्या दिवशी सकाळी रिसालीचा कोटवार, म्हणजे गावाचा राखणदार, धापा टाकत आला. “साहेब, गड्ढा में लइका हे.” खड्ड्यात पोरगं आहे, म्हणत होता. बांधकामासाठी माती काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं असायचं. काठावर चप्पल नीट जोडून ठेवलेली होती. मी चेहरा पाहण्याआधी पाय पाहिले. त्यांना अजून लुगड्याच्या पट्ट्या होत्या.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, अंगावर मारहाणीची खूण नाही. दोन दिवसांनी थान्यात एक निनावी चिठ्ठी आली. ‘मुलाला बापानेच मारले, नीट तपास करा.’ शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणीतरी टाकलेली असावी.

खरं सांगायचं तर त्या चिठ्ठीने मला बरं वाटलं. बाप दोषी निघाला असता तर मी सुटलो असतो. मी त्यांना थान्यात बोलावलं आणि सकाळपासून स्टुलावर बसवून ठेवलं.

“मारायचात का त्याला?”

“एक थापड मारली होती. गाडीत बसून पळाला तवा.”

“डोंगरगडला का जाऊ देत नव्हता?”

“सगळे म्हणत, सा महिने भेटू देऊ नका, मंग विसरते. वासराले नाही का तोडत गायीपासून. मले वाटलं, एकदा का आमाले आई-बाबा म्हणायला लागला, मंग मीच नेईन वहिनीकडं. तिच्याशी माहं काही वाकडं नाही, साहेब. तिनं वाढवला तसा आमाले वाढवता आला नसता.”

“घरात काय म्हणायचा तो तुमच्या बायकोला?”

“काकूच. मी म्हणलं, आई म्हण, नाही तं जेवण नाही. तो उपाशी उठायचा. ही रडायची, म्हणायची, काकू म्हणते तं म्हणू द्या, नेऊन आणा त्याले एकदा. मीच ऐकलं नाही.”

मी चिठ्ठ्यांचं विचारलं. मुलगा मायला पत्रं लिहायचा म्हणत होता, ती कुठे गेली? त्यांनी मान खाली घातली.

“घरी हायेत. माह्या पेटीत.”

रेल्वेतल्या माणसांची एक पद्धत होती. लाइनीवरच्या नातेवाइकाला चिठ्ठी धाडायची तर टपालात कोण टाकतो? जाणाऱ्या गाडीच्या गार्डाच्या हाती द्यायची, तो त्या स्टेशनवर उतरवून देई. तिकीट नाही, उशीर नाही. मुलगा लहानपणापासून हेच बघत आला होता. म्हणून तो दुर्गच्या स्टेशनवर जाई आणि विश्वासाने गार्डाच्या हाती पाकीट देई. आणि वडिलांनी सगळ्या गार्डांना सांगून ठेवलं होतं की पोराचं काही असलं तर मला द्या. त्यांनी इमानाने आणून दिलं.

“किती आहेत?”

“सात.”

“काय लिहिलंय?”

त्यांना तो प्रश्न आवडला नाही. “दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी कसं फोडू, साहेब? पंधरा वर्षं गार्डाच्या डब्यात काढली, कोणाची वस्तू उघडून नाही पाहिली. जशीच्या तशी ठेवली हायेत. पुढं वहिनीच्याच हाती देणार होतो.”

अडवणं त्यांना चुकीचं वाटलं नव्हतं, उघडणं वाटलं होतं. मी शिपायाला त्यांच्यासोबत पाठवून पाकिटं मागवली. सातही चिकटवलेली, खळ सुकून पिवळी पडलेली. दोन पंचांसमोर उघडली आणि मुंशी मोठ्याने वाचू लागले. पहिल्या तीनांत शाळा, धूळ, बहिणींची भांडणं, इथल्या भाजीला चव नाही. चौथ्यात, ‘माय, उत्तर कावून देत नाही?’ सहाव्यात, ‘तू रागावली का माह्यावर? मी काय केलं ते सांग.’ सातव्यात, ‘माय, मले आता जगावं असं वाटत नाही. रोज तेच मनात येऊन राहिलं. इथं कोणाले सांगू? तू ये.’ त्याखाली सही आणि होळीच्या आदल्या दिवसाची तारीख.

मग वडील माझ्याकडे बघून बोलायला लागले.

“हे मले ठाऊक असतं तं... एकदा तोंडानं बोलला असता कोणापाशी, साहेब. मी रजा टाकून त्याच्याजवळ बसलो असतो. स्वतः डोंगरगडले नेऊन सोडला असता. दूर का होईना, राहिला तं असता.”

मुंशींनी पुढचा ठरलेला प्रश्न वाचला. अशा चौकशीत तो विचारावाच लागतो. “मयताने यापूर्वी कोणाजवळ असं बोलून दाखवलं होतं का?” आणि उत्तराची वाट न बघता ‘नाही’ लिहायला टाक दौतीत बुडवला.

“थांबा,” मी म्हणालो. “लिहा, होय. माझ्याजवळ.”

मुंशींनी वर पाहिलं. मी डोंगरगडला काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. हसलो होतो तेही सांगितलं. वडील ऐकत होते. माझी खात्री होती की हा माणूस आता माझ्या अंगावर येईल, आणि आला असता तर मी अडवलं नसतं.

ते एवढंच म्हणाले, “मले कावून नाही सांगतलं? सुपूर्दनाम्यावर सही केली तवा मी तुमच्यासमोरच तं उभा होतो.”

मी मुंशींना तो प्रश्नही जबाबात लिहायला सांगितला.

वरिष्ठांनी मला बोलावून तो जबाब खोडायला सुचवलं. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस, म्हणाले. मी खोडला नाही. पण माझं काही बिघडलंही नाही. कोणाचाही दोष आढळत नाही, असा शेरा पडून प्रकरण बंद झालं, आणि दोन वर्षांनी मला बढती मिळाली.

पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे मी एक नियम पाळला. घर सोडून गेलेलं मूल सापडलं की आधी त्याला एकट्याला समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि सरळ विचारायचं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का? लोक म्हणत, असं विचारून तुम्हीच पोरांच्या डोक्यात भरवाल. तसं एकदाही झालं नाही. उलट विचारलं की पोरं मोकळी होत, किती दिवसांची साठलेली रडत. जे कळेल ते आईबापांना तिथेच सांगायचं, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या म्हणायचं. आणि त्याचा जीव ज्या माणसावर आहे त्याला, नात्याने कोणी का असेना, बोलावून घ्यायचं. अशा एका मुलीसाठी मी तिच्या आजोळच्या मामीला तारेने बोलावलं होतं. ती मुलगी आज शिक्षिका आहे. लहान पोरांना घराची सवय होते हे खरं, पण सवय म्हणजे माया नव्हे, आणि पंधराव्या वर्षी माया एका घरातून उपटून दुसऱ्या घरात लावता येत नाही. कायद्याने पालक कोण, हे मी कागदावर बघून सांगू शकत होतो. ते मूल कोणासाठी जगतंय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

चौकशी संपल्यावर ती सात पत्रं ज्यांच्या नावाची त्यांना द्यायची होती. हे काम शिपायाचं, पण मी स्वतः डोंगरगडला गेलो. बाई पोळ्या लाटत होती. पीठ पुसून तिने पाकिटं हातात घेतली, एकेक उलटून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. कॉलनीतल्या मास्तरीणबाईकडून वाचून घेईन, म्हणाली. मी सांगितलं की तो माझ्याजवळ जे बोलला होता ते मी कोणाला सांगितलं नाही, चूक माझी झाली. ती ऐकून घेत होती, पण तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

“सायेब, त्या दिवशी मी म्हणली, माह्याकडं येऊ नको. ते तुमच्या भेवानं म्हणली मी. हे त्याले समजलं असंन ना?”

मी म्हणालो, “समजलं होतं त्याला.”

तिने मान हलवली आणि पत्रं पदरात बांधली.

खरं काय ते आज लिहितो. त्या दिवशी परतीच्या गाडीत, राजनांदगाव मागे पडल्यावर, केळी खाऊन झाल्यावर मुलाने मला एकच प्रश्न विचारला होता. “साहेब, माय हे आपल्या मनानं बोलली का?” आणि पोरगा एकदाचा गप्प बसावा म्हणून मी म्हणालो होतो, “हो, आपल्या मनानंच.”